गोधडी : खंडाळा पद्धत

साहित्य : जुनी सुती लुगडी किंवा साड्या, मिळतील तेवढ्या, घरातल्या पुरुषाचे न विचारता काढलेले दोन-तीन शर्ट, मोठ्या नेढ्याच्या सुया, जाड पांढरा दोरा, मेणबत्तीचं थोटूक, झिजून पातळ झालेली साबणाची चिपटी, एक मावशी, आणि पाऊस. यातला पाऊस चवीनुसार घालायचा नाही. खंडाळ्यात तो आधीच घातलेला असतो.

कृतीकडे वळण्याआधी एक खुलासा. ज्यांना पांघरूण हवं आहे त्यांनी हे वाचू नये. त्यांनी लोणावळ्याच्या बाजारात जावं, ब्लँकेट घ्यावं, येताना चिक्की घ्यावी आणि तासाभरात घरी यावं. ही कृती ज्यांना पांघरुणाची काही अडचण नाही पण जुलै महिना काढायचा आहे, त्यांच्यासाठी आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या डोक्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततो, आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजण्याची हौस एका दिवसात फिटते. राजमाची पॉइंटवरून धुकं दिसतं, पण ते खिडकीतूनही दिसतं. नागफणीचा कडा समोरच आहे, असं पाहुण्यांना बोटानं दाखवायचं आणि त्यांनी विश्वास ठेवायचा. कांदाभजी दोन वेळा होतात, पत्त्यांचा डाव मोडतो, आणि मग घरातली माणसं एकमेकांच्या जुन्या चुका काढायला लागतात. अशा वेळी बाकी काही न बोलता कपाट उघडावं.

मावशी कुठून आणावी

साहित्यातली दुर्मीळ वस्तू हीच. सुई-दोरा तुळशीबागेत मिळतो, मावशी मिळत नाही. कुरवंडे, कुणे, औंढे, तुंगार्ली अशा गावांतल्या बायकांच्या हाताला गोधडी ठाऊक असते. पण बंगल्यातल्या मंडळींचा एक मोठा गैरसमज असतो की गोधडी हे पावसाळ्यातलं काम आहे. मावळात पावसाळ्यातलं काम म्हणजे भाताची आवणी. ज्या दुपारी तुम्हाला व्हरांड्यात बसून दोन टाके घालावेसे वाटतात, त्या दुपारी मावशी इरलं किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलात इंद्रायणी तांदळाची रोपं लावत असतात. गावात गोधड्या शिवायच्या त्या होळी झाल्यावर, शेतं मोकळी असताना, चैत्र-वैशाखाच्या दुपारी पडवीत बसून. तेव्हा उन्हात कापड कडकडीत वाळलेलं असतं आणि बायकांना घटकाभर बूड टेकायला मिळतं. त्या दिवसांत तुम्ही मुंबईत एसीखाली असता. म्हणजे गोधडीचा हंगाम आणि छंदाचा हंगाम यांची गाठ पडत नाही. आवणी उरकल्यावर श्रावणात एखादी दुपार मावशी देतात, तीही तुमच्या हातातली सुई पाहून दया आली म्हणून.

मावशी शिकवत नाहीत. शेजारी बसतात, तुमचा टाका बघतात, आणि काही न बोलता सुईच्या टोकानं तो उसवतात. तुम्ही दुसरा घालता, तोही उसवतात.

“आवो ताई, टाका घालताय का बांध घालताय?”

एवढाच काय तो पाठ. टाका फार मोठा पडला की बाळाची बोटं त्यात अडकतात, फार बारीक घातला की गोधडी पत्र्यासारखी ताठ होते, हे पुढे हळूहळू बोलण्याच्या ओघात कळतं. त्या ओघात कोणाच्या सुनेनं काय केलं, एक्स्प्रेस वेला कोणाची जमीन गेली, आणि कोणत्या बंगल्याचा मालक पाच वर्षांत फिरकलेला नाही, हेही कळतं. टाक्यांपेक्षा हे ज्ञान लवकर बसतं.

कपडे निवडणे, म्हणजे भांडण

कापड सुती हवं. हा एकच नियम असा आहे की ज्यात सूट नाही. नायलॉन, टेरिकॉट, जॉर्जेट यांचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपत नाहीत, आणि रात्री गोधडी पलंगावरून खाली उतरून निघून जाते. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून मेणबत्तीवर धरा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर आकसतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. मेणबत्ती साहित्यात आहेच. खंडाळ्यात ती पावसाळाभर वीज गेल्यावर हाताशी लागते, म्हणून वेगळी आणावी लागत नाही.

सगळ्यांत उत्तम कापड म्हणजे शेकडो धुण्यांतून गेलेलं नऊवारी. धुऊन-धुऊन त्याचा पीळ मोडलेला असतो. सुई त्यातून न सांगता जाते. शिवाय हिशेब किती सोयीचा आहे पाहा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार पदर केले की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याएवढी, म्हणजे साधारण पावणेचार फूट रुंद अशी एका माणसाची चौघडी होते, कात्रीही लागत नाही. सहावारी साडीत हेच करायला गेलात तर सहा फुटांचे तीनच पदर निघतात. आपल्या आज्या नऊवारी का नेसत, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. मरणोत्तर घडीची ही सोय त्यात कुठे दिसत नाही.

ओगलेबाईंनी १९७० साली ‘रुचिरा’ काढलं आणि स्वयंपाकघरात वाटी-चमच्याचं माप आणलं. गोधडीत ते माप चालत नाही. इथे माप माणसाचं घ्यायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ज्यांनी काढली त्यांना गोधडी आयती मिळत असणार. शिवणाऱ्यानं आधी पाय पाहायचे. नातू वाढत्या वयाचा असेल तर वीतभर जास्त धरा.

आता कपाटातून कपडे बाहेर आले की घरातला प्रत्येक जण एकेक कपडा परत आत ठेवायला लागतो. “हा शर्ट अजून चांगला आहे.” (गेली कित्येक वर्षं घातलेला नाही.) “ही साडी मी साखरपुड्याला नेसले होते.” (नेसणारीला आता ती निऱ्यांपुरतीही पुरत नाही.) या टप्प्याला घाई करू नये. पावसाळ्यातली एक अख्खी दुपार यात जाते, तिलाच या छंदाचं पहिलं सुख म्हणतात. कोणती साडी कुठून घेतली, तेव्हा सोनं काय भाव होतं, दुकानदार कसा ओळखीचा निघाला, हे सगळं निघतं. जे कपडे वादात अडकले त्यांना आतल्या थरात घाला. बाहेर दोन्ही बाजूंना धडकं कापड, आत विरलेलं आणि फाटकं. आतलं एकदा शिवलं गेलं की कोणाला दाखवता येत नाही आणि कोणाला परतही मागता येत नाही.

शर्टाची कॉलर आणि पट्ट्या कापून टाका. त्यात कांजीचं अस्तर असतं, सुई मोडते. बटणं काढून डबीत ठेवा. जीन्सच्या नादी लागू नका. बनियन ताणतं, त्याचं पोछा म्हणून भलं होतं. खिसा मात्र राहू द्यावा. छातीवरचा खिसा असलेला शर्टाचा तुकडा गोधडीच्या वरच्या अंगाला, उजव्या हाताशी येईल असा लावला की रात्री चष्मा ठेवायला जागा होते. या खिशाला मावशी आधी हसतात, आणि पुढच्या वेळी त्यांच्या स्वतःच्या गोधडीला तो दिसतो.

अंथरणे

जमीन मोठी हवी आणि कोरडी हवी. खंडाळ्यात पहिली अट जुन्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात पुरी होते, दुसरी कुठेच होत नाही. फरशीवर सतरंजी टाका, मग खालचा थर, मग आतले, मग वरचा. प्रत्येक थर चार कोपऱ्यांवर चार माणसांनी ओढून धरायचा. चार माणसं नसतील तर वरवंटा, पाटा, खलबत्ता ठेवा. चौथ्या कोपऱ्यावर मुंबईहून आलेल्या पाहुण्याला बसवलं तरी चालतं; त्याला वाटतं आपण लोककला पाहतोय. सुरकुती राहिली की ती जन्मभर राहते, आणि नेमकी पाठीखाली येते. म्हणून हातानं मधून कडेकडे सारवल्यासारखं करत जावं, आणि हातभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून टाकावे. मग साबणाच्या चिपटीनं रेघा मारा. साबणाची रेघ पहिल्या धुण्यात जाते, पेनाची जात नाही.

या वेळी चिक्की खाऊ नये. शेंगदाण्याचा एक चुरा आत शिवला गेला, तर त्याचा पत्ता माणसांना लागत नाही, मुंग्यांना लागतो.

टाका

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला तर पुन्हा ओवायचे कष्ट वाचतील असं वाटतं. वाचतात ते कष्ट गुंता सोडवण्यात व्याजासकट जातात. दमट हवेत दोरा फुगतो आणि केस सोडतो, म्हणून तो मेणावरून एकदा ओढून घ्यावा. सुईला इथे दोन दिवसांत गंज चढतो, तेव्हा काम झाल्यावर ती खोबरेल तेलाच्या चिंधीत खुपसून ठेवायची. ओवण्यासाठी घरातलं सर्वांत लहान मूल पकडावं. नजर तीक्ष्ण असते आणि मोबदल्यात एक गोळी पुरते. राजगडाच्या सुवेळा माचीवर कड्याला आरपार नेढं आहे, त्यात माणसं जाऊन बसतात. चाळिशीनंतर सुईचंही तेवढंच असावं अशी फार इच्छा होते.

टाका एकच, धावदोरा. त्यात वर-खाली, वर-खाली याखेरीज काही नाही. उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचलं म्हणजे सगळे थर पकडले गेले, ही खूण. अंगुस्तान उजव्या मधल्या बोटाला घालावं. डाव्याला घातलं तर टोचणार नाही आणि तळाचा थर सुटलेला कळणार नाही. तीन-चार टाके सुईवर भरून घ्यायचे आणि मग एकदम ओढायचं. ओढताना दोऱ्याचा जो ‘सर्रर’ असा आवाज येतो तो ऐकण्यासाठी रेडिओ बंद ठेवणारी माणसं मला माहीत आहेत.

ओळी आडव्या घालाव्यात की कडेनं फिरत आत यावं, यावर दोन पंथ आहेत. कडेनं जाणाऱ्यांना कोपरा आला की नवशिकेपण आठवतं. सगळी गोधडी फिरवावी की आपण फिरावं? इथे बोरघाटाची रेल्वे कामाला येते. १८६३ साली ती सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या खाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढणीला वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी सरळ आत जायची, इंजिन मागच्या टोकाला लावायचे, आणि तीच गाडी उलट्या तोंडानं पुढचा घाट चढायची. पुढे मार्ग बदलला आणि ते स्टेशन गेलं. पण कोपऱ्यावर पद्धत तीच ठेवा. गोधडी जागेवर राहू द्या, दोऱ्याला एक उलटा टाका देऊन घट्ट करा, सुई दुसऱ्या दिशेला धरा, आणि इंजिनासारखं तुम्ही उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसा. गुडघे कुरकुरतील, घाटात इंजिनंही कुरकुरायची.

आपल्या ओळी वाकड्या जातात म्हणून खंतावण्याचं कारण नाही. आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या माणसांची ही लेकरं. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत मध्याला येतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावतात. फुला नसेल तर कवंदी उघडीबोडकी मानतात. त्यांची एकही ओळ पट्टीनं आखलेली नसते. तिकडे अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाचं गाव आहे. कापसाच्या मळ्यांवरच्या गुलामांच्या नाती-पणती तिथे शेतात झिजलेल्या विजारींच्या आणि शर्टांच्या गोधड्या करत आल्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. हे मावशींना सांगितलं तर त्या विचारतात, “भिताडाला लावल्यावर पांघरत्यात काय?” याला उत्तर तयार ठेवावं. मला अजून सुचलेलं नाही.

गोधडीवर काही लिहावं का, नक्षी काढावी का? पूर्वपीठिका आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ कागदाऐवजी पासोडीवर लिहिला. ती पासोडी आजही प्रसिद्ध आहे. नवशिक्यांनी नातवाचं नाव भरावं आणि थांबावं. तसंच, गोधड महाराजांचं देऊळ कर्जतला आहे असं ऐकून काही उत्साही मंडळी घाट उतरून कर्जतला जातात. ते कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं. घाटाखालच्या कर्जतला बटाटेवडा मिळतो. गेलाच आहात तर खाऊन या.

वेळ कुठून काढावा, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या लोकांनी विचारू नये. २०२० साली घाटातला जुना अमृतांजन पूल पाडला, तेव्हा आता कोंडी होणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. शनिवारी सकाळी घाटात गाडी उभी राहिली की शेजारच्या सीटवर बसणाऱ्यानं मांडीवर कोपरा घ्यावा. एका कोंडीत एक कड सहज होते. चालवणाऱ्यानं शिवू नये, सुई ब्रेक लागल्यावर कुठे जाते ते सांगता येत नाही.

धुणे

शिवण्याइतकाच, किंबहुना जास्त, आनंद इथे आहे, आणि पुस्तकी छंदवाले नेमके हे पान गाळतात. घटस्थापनेच्या आधी गावोगावी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. इंद्रायणी उगम पावते ती इथेच, कुरवंड्याजवळ. भाद्रपदाच्या शेवटी तिच्या काठावर दगडांवर गोधड्या पसरलेल्या दिसतात, लाल काठ, हिरवी अंगं, कुठे शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. कोणाच्या घरी कोण काय नेसत होतं हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळतं.

कोरडी गोधडी नवशिक्याला हलकी वाटते. ती पाण्यात बुडवा आणि मग उचला. उचलली जाणार नाही. आता तिच्यात तुमच्या घरातली तीन पिढ्यांची वस्त्रं आणि निम्मी इंद्रायणी आहे. सोडा घालून भिजवायची, दगडावर ठेवून बडवण्यानं बडवायची, पायांनी तुडवायची. तुडवायला पोरं आनंदानं येतात, बडवायला नवरा आनंदानं येत नाही. मग पिळणं. हे जोडप्यानं करावं. समोरासमोर उभं राहून दोन टोकं धरायची आणि दोघांनी आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. एकानं उजवीकडे आणि दुसऱ्यानं डावीकडे दिला तर पीळ पडत नाही, नुसती गोधडी हवेत गरगर फिरते आणि बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावतात.

वाळवणं मात्र हस्ताच्या हातात. नवरात्राच्या तोंडाशी हस्त नक्षत्राचा पाऊस येतो, दुपारपर्यंत लखलखीत ऊन, चारला आभाळ. कातळावर पसरलेली गोधडी पळत जाऊन गोळा करायची, पडवीत टाकायची, सकाळी पुन्हा कातळावर. भिजत घोंगडं म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं. आतला थर ओला राहिला तर गोधडीला कुबट वास धरतो आणि काळे ठिपके पडतात, तेव्हा वरून कोरडी लागली तरी फसू नका. मधोमध गाल टेकवून पाहा. गार लागलं तर अजून एक दिवस.

शंका

मशीनवर का नाही? मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात, वरचं मागे राहतं, आणि चार-पाच थरांत टोकाला पोचेपर्यंत वीतभर चोळामोळा जमतो. शिवाय मशीनवर गप्पा मारता येत नाहीत, खडखडाटात कोणाच्या सुनेनं काय केलं ते ऐकू येत नाही.

मधेच कंटाळा आला तर? घडी घालून ठेवावी. अर्धी गोधडी पांघरता येते, अर्धा स्वेटर घालता येत नाही. विणकाम करणाऱ्या नणंदेला हे सांगू नये.

पाहुण्यांनी “मलाही एक करून द्याल?” असं विचारलं तर? कपडे त्यांचे मागावे. पुष्कळ मंडळी इथेच गळतात. जी एक नऊवारी घेऊन परत येते, तिला द्यावी.

गोधडी विरली, फाटली, तर? फेकायची नाही. तिच्यावर वरून एक आणि खालून एक नवी साडी घाला आणि पुन्हा टाके घाला. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. अशी दोन-तीन वेळा झालेली गोधडी डिसेंबरातल्या खंडाळ्याच्या पहाटेच्या थंडीला भीत नाही, पण तिला धुवायला चार माणसं लागतात.

सासूबाईंचं इरकल कापलं हे त्यांना कधी सांगावं? सांगावं लागत नाही. लाल टोपपदर वरच्या बाजूला, त्यांच्या हाताला लागेल असा शिवावा आणि काही न बोलता त्यांच्या पायांवर टाकावी. त्या पदरावरून हात फिरवतात, ओळखतात, चष्मा खिशात ठेवतात. मग विचारतात, “आणि ते दुसरं, अंजिरी?”

ते आतल्या थरात आहे.